मांजरांच्या आजारी कक्षातील पहिले काही आठवडे : नव्या स्वयंसेवकांसाठी

पुण्या-मुंबईतील प्राण्यांच्या आसरागृहात मदतीला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असते : आजारी मांजराला मांडीवर घ्यावे, त्याला चार घास भरवावेत आणि ते बरे होताना पाहावे. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे हातात बादली, फडके आणि नोंदीचा कागद असतो, आणि मांडीवर कोणी येत नाही. यामुळे निराश होऊन तिसऱ्या रविवारी येईनासे झालेले अनेक जण मी पाहिले आहेत, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. मांजर दुखणे लपवते. कुत्रा कण्हतो, लंगडत जवळ येतो. मांजर मात्र पाठ फिरवून कोपऱ्यात बसते आणि आपल्याला वाटते की ते झोपले आहे. पशुवैद्यांची फेरी दिवसातून एकदा, फार तर दोनदा होते. मधल्या तासांत काय घडले ते कोणीतरी पाहून लिहिलेले असेल, तरच त्यांना कळते. ते पाहणे आणि लिहिणे हेच तुमचे मुख्य काम आहे. उपचार ठरवणे हे तुमचे काम नाही. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांचा आहे.

दारातून आत जाण्यापूर्वी

काम सुरू करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी दोन लशींविषयी बोलावे : धनुर्वाताची आणि रेबीजची. रेबीजची लस चावा बसल्यानंतरच घ्यायची असते असा समज आहे. परंतु प्राण्यांमध्ये नियमित वावरणाऱ्यांना ती आधी घेता येते, आणि आधी घेतलेली असल्यास नंतर चावा बसला तर उपचार बरेच सोपे होतात. गरोदर स्त्रियांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी मांजरांच्या शीचे ट्रे साफ करण्याचे काम घेऊ नये. गर्भाला बाधू शकणाऱ्या टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचे बीज शीवाटे बाहेर पडते आणि साधारण एक ते पाच दिवसांनी संसर्गक्षम होते. ट्रे रोजच्या रोज साफ करण्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

तुमच्या घरी मांजर असेल तर त्याचे तिहेरी लसीकरण पूर्ण आहे का, हे तपासावे. ही लस पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार), हर्पीस आणि कॅलिसी (दोन्ही सर्दीचे) या तीन विषाणूंवर असते, आणि नेमके हेच तिघे आसरागृहात सर्वांत जास्त भेटतात. कामाचे कपडे आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात. ओढणी, लोंबती कानातली आणि वाढलेली नखे यांना कक्षात जागा नाही.

कोणत्या पिंजऱ्याकडे आधी जायचे

नवा माणूस जे मांजर सर्वांत जास्त आजारी दिसते त्याच्याकडे आधी धावतो. हे स्वाभाविक असले तरी नेमके उलटे आहे. काम नेहमी निरोगी मांजरांकडून आजारी मांजरांकडे न्यावे : आधी निरोगी पिल्ले, नंतर निरोगी मोठी मांजरे, त्यानंतर नव्याने आलेली आणि अजून निरीक्षणाखाली असलेली, मग सर्दीवाली, मग नायट्याची, आणि शेवटी पॅनल्यूकोपेनियाचा संशय असलेली. एकदा पुढच्या खोलीत गेल्यावर त्या दिवशी मागच्या खोलीत परतायचे नाही. विसरलेली वाटी दुसऱ्याने आणून द्यावी. निरीक्षणाचा काळ बहुतेक ठिकाणी १४ दिवसांचा ठेवतात, कारण वरून धडधाकट दिसणाऱ्या नव्या मांजराच्या अंगात आजार मुरत असू शकतो.

प्रत्येक खोलीचा ॲप्रन, हातमोजे, खराटा आणि शीचे फावडे वेगळे असावे. मोबाइल खिशातच ठेवावा. पिंजऱ्याच्या दारात फोटो काढून तोच हात पुढच्या पिंजऱ्याला लावणारे स्वयंसेवक रोग पसरवण्यात पिसवांपेक्षा फारसे मागे नसतात. हात साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावेत. अल्कोहोलचे सॅनिटायझर पॅनल्यूकोपेनिया आणि कॅलिसी या विषाणूंवर भरवशाचे नाही. बाटली भिंतीवर टांगलेली असली तरी तिच्यावर विसंबून राहू नये.

सफाई

या भागाकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण इथली चूक एका मांजराला नव्हे, साऱ्या कक्षाला भोवते. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू खोलीच्या साध्या तापमानाला वर्षभरापर्यंत तग धरू शकतो. गेल्या पावसाळ्यात रिकाम्या झालेल्या पिंजऱ्यात यंदा पिल्लू ठेवले आणि ते आठवड्यात गेले, असे घडते ते यामुळे.

पहिली गोष्ट म्हणजे फिनाइल. आपल्याकडे कोणतीही फरशी पुसायची म्हटली की हात आपोआप फिनाइलच्या बाटलीकडे जातो. मीही पहिल्याच दिवशी तेच केले होते, आणि एका मावशींनी माझ्या हातून बादली अक्षरशः हिसकावून घेतली. कुत्र्याचे किंवा माणसाचे यकृत फिनॉल गटातील जे पदार्थ बांधून शरीराबाहेर टाकते, ते काम मांजराचे यकृत नीट करू शकत नाही. ओल्या फरशीवरून मांजर चालते, मग पंजे चाटते आणि विष पोटात जाते. फिनाइल, डेटॉलसारखी पाण्यात दुधाळ होणारी जंतुनाशके, निलगिरीचे किंवा कडुनिंबाचे तेल आणि कापूर यांपैकी काहीही मांजरांच्या कक्षात आणू नये.

वापरायचे ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे कपड्यांचे द्रवरूप ब्लीच. सुमारे ५ टक्के तीव्रतेचे ब्लीच एक भाग आणि पाणी बत्तीस भाग, असे प्रमाण धरावे. एका लिटर पाण्याला साधारण ३० मिलिलिटर. बाटलीवरची तीव्रता कमी असेल तर मात्रा त्या हिशेबाने वाढवावी. परंतु शी, उलटी किंवा अन्नाचे कण असतील तिथे ब्लीचचा जोर मरतो. म्हणून आधी घाण उचलावी, नंतर साबणाच्या पाण्याने घासून धुवावे, मग ब्लीचचे पाणी लावून १० मिनिटे ओले राहू द्यावे, शेवटी साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे आणि तेव्हाच मांजर आत सोडावे. हे पाणी रोज ताजे करावे. शौचालयाच्या ॲसिडमध्ये ब्लीच कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो. शूने भिजलेला ट्रे थेट ब्लीचमध्ये न बुडवता आधी पाण्याने धुवावा, त्यामागेही असेच कारण आहे.

मांजर अजून पिंजऱ्यातच राहणार असेल, तर रोज सारे उपसून धुण्याची गरज नसते. घाणेरडा भाग पुसावा, ट्रे आणि वाट्या बदलाव्यात, पांघरूण कोरडे असेल तर तेच ठेवावे. ओळखीचा वास टिकला की मांजर शांत राहते, आणि शांत मांजर लवकर खाते. आत पुठ्ठ्याचे एक खोके आडवे ठेवून लपायला जागा द्यावी. खोके खराब झाले की फेकून नवे ठेवावे. वाण्याकडे ती फुकट मिळतात.

ट्रेमध्ये काय भरायचे ते तिथल्या पद्धतीप्रमाणे ठरते : वाळू, लाकडाचा भुसा किंवा बाजारचे लिटर. नुकतेच ऑपरेशन झालेल्या आणि पायाला जखम असलेल्या मांजरांसाठी मात्र वर्तमानपत्राच्या पट्ट्या वापराव्यात, म्हणजे जखमेत कण जात नाहीत. लहान पिल्लांनाही गुठळ्या होणारे लिटर देऊ नये, कारण ती ते खाऊन पाहतात.

पाहणे आणि लिहिणे

पिंजरा उघडण्यापूर्वी एक मिनिट दोन पावले दूर उभे राहून नुसते पाहावे. दार वाजले की मांजर सावध होते, श्वास वाढतो आणि खरी स्थिती झाकली जाते. विश्रांतीत असलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला साधारण २० ते ३० असतो. छातीची हालचाल ३० सेकंद मोजून दुप्पट करावी. आकडा सतत ४० च्या वर दिसला तर लगेच सांगावे. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे मांजर दिसले, तर मोजत बसू नये. थेट पशुवैद्यांना हाक मारावी, आणि तोवर त्या मांजराला उचलू किंवा धरू नये.

मग कागद भरावा. रोज पाच रकाने कोणत्याही परिस्थितीत भरलेच पाहिजेत : काय आणि किती खाल्ले, पाणी किती प्यायले, शू झाली का, शी कशी झाली, उलटी झाली का. ‘बरे आहे’ किंवा ‘थोडे खाल्ले’ या शब्दांचा कोणालाच उपयोग नाही. ‘३० ग्रॅम उकडलेल्या चिकनपैकी अंदाजे एक तृतीयांश खाल्ले, ग्रेव्ही चाटली, सुके खाणे हुंगून सोडले’ अशी नोंद वाचून पशुवैद्य औषध बदलू शकतात. रोगाचे नाव लिहू नये. जे दिसले तेच लिहावे. ‘अतिसार’ या शब्दापेक्षा ‘तीन वेळा पातळ, पिवळसर, शेवटच्या वेळी रक्ताचा धागा’ हे वाक्य मोलाचे आहे.

वजन रोज एकाच वेळी, एकाच काट्यावर करावे. पिल्लांसाठी स्वयंपाकघरातील ग्रॅमचा काटा उत्तम. मोठ्या मांजराचे वजन टोपलीसह करून टोपलीचे वजा करावे. तीन किलोच्या मांजरात १५० ग्रॅमची घट डोळ्यांना दिसत नाही, पण ती त्याच्या वजनाचा विसावा हिस्सा असते.

हिरड्यांकडे पाहायला शिकावे. त्या गुलाबी आणि ओलसर असाव्यात. फिकट पांढऱ्या हिरड्या म्हणजे रक्त कमी आहे, आणि लहान पिल्लांत याचे कारण अनेकदा अंगावरच्या पिसवाच असतात. पिवळसर हिरड्या कावीळ सुचवतात, निळसर किंवा तपकिरी असतील तर प्राणवायू पोहोचत नाही, आणि बोटाला चिकट लागल्या तर शरीरातील पाणी कमी झाले आहे. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसत असेल, तर तेही पाणी कमी झाल्याचे लक्षण. मात्र म्हाताऱ्या आणि हडकुळ्या मांजरांत ही खूण फसवते. शरीराचे तापमान ३८.१ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, हे नेहमीचे आहे. आपल्या हाताला मांजर नेहमीच गरम लागते, त्यावरून ताप ठरवू नये.

बोक्यांच्या बाबतीत एक गोष्ट ठळक लिहून ठेवावी. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो, आणि ट्रे मात्र कोरडा राहतो. नवख्याला वाटते की त्याला शी होत नाही आणि बद्धकोष्ठ झाले आहे. बहुतेक वेळा त्याची लघवीची नळी तुंबलेली असते, आणि ती मोकळी झाली नाही तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. असा बोका दिसला तर फेरीची वाट पाहू नये, रात्र असली तरी फोन करावा. ‘शू झाली का’ हा रकाना कोरा सोडणाऱ्यांवर मी चिडते ती याच कारणासाठी.

खाणे

सर्दी झालेले मांजर खात नाही, कारण त्याला वास येत नाही. आणि मांजर चवीपेक्षा वासावर खाते. म्हणून आधी नाक साफ करावे : सलाईनमध्ये कापूस ओला करून वाळलेला शेंबूड मऊ होऊ द्यावा आणि मग अलगद पुसावा, ओरबाडू नये. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस घ्यावा, आणि आतून बाहेर पुसावे. त्यानंतर अन्न शरीराच्या उबेइतके कोमट करून द्यावे. उकडलेले चिकन, त्याचे पाणी, काटे काढलेला उकडलेला मासा, बाजारचे ओले खाणे यांपैकी जे मांजराला रुचेल ते थोडे थोडे, वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून पाहावे. कांदा, लसूण आणि मीठ अजिबात नको. घरच्या रश्शातील चिकन धुऊन दिले तरी चालत नाही, कारण कांद्यातील घटक मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात. सुका बोंबील आणि सुकट यांचा वास मांजराला ओढून आणतो हे खरे, पण त्यांत मीठ फार असते. चव लावण्यापुरताही तो मोह टाळावा. तोंडात फोड असतील, लाळ गळत असेल, मांजर वाटीपाशी येऊन मागे फिरत असेल, तर त्याला भूक आहे पण तोंड दुखते आहे असे समजून तसे लिहावे. कॅलिसी विषाणूत हे नेहमी दिसते.

वाफ द्यायला सांगितली असेल तर ती साध्या पाण्याची किंवा सलाईनची असावी. त्यात बाम घालण्याचा आग्रह कोणीतरी हमखास करते. त्यातील कापूर मांजराला बाधतो.

मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर शरीरातील चरबी यकृतात साठू लागते आणि मूळ आजारापेक्षा तेच जिवावर बेतते. जाड मांजरांत हा धोका अधिक. त्यामुळे २४ तास उपाशी असलेल्या मांजराची नोंद स्वतंत्रपणे, तोंडी सांगावी. तरीही स्वतःच्या मनाने सिरिंजने भरवू नये. जबरदस्तीने भरवलेले अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते, आणि त्या अन्नाविषयी मांजराच्या मनात कायमची अढी बसते. भरवायला सांगितलेच, तर ते आधी दोनदा पाहावे, मग कोणाच्या तरी देखरेखीखाली करावे : मांजर बसलेले असावे, मान वर ओढलेली नसावी, सिरिंज गालाच्या बाजूने आत जावी आणि प्रत्येक घोट गिळल्यावरच पुढचा द्यावा.

औषधे

औषध द्यायला मिळणे हा नव्या स्वयंसेवकाला मान वाटतो. तो मान उशिरा मिळालेला बरा. देताना पिंजऱ्यावरचे नाव, कागदावरचे नाव आणि मांजराचा रंग हे तिन्ही जुळवून पाहावे. एकाच कक्षात चार काळे बोके असतातच. दिल्याबरोबर वेळ आणि सही टाकावी, नंतर आठवणीने लिहू नये, कारण तोवर दुसरा येऊन तीच मात्रा पुन्हा देऊन जातो. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाची गोळी कोरडी दिल्यास ती अन्ननलिकेत अडकून तिथे व्रण आणि आकुंचन करू शकते, म्हणून तिच्यामागून ५-६ मिलिलिटर पाणी हळूहळू पाजावे किंवा लगेच ओले खाणे द्यावे. गोळी दिल्यावर मांजराच्या तोंडाला फेस आला तर घाबरू नये, ती बहुधा कडवटपणाची प्रतिक्रिया असते. पण गोळी पोटात गेली की थुंकली, हे मात्र लिहावे.

माणसांचे कोणतेही औषध मांजराला देऊ नये, आणि पॅरासिटामॉल तर कधीच नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. फिनाइलबाबत यकृताची जी मर्यादा वर सांगितली, तीच इथेही आड येते. ‘ताप होता म्हणून अर्धी क्रोसिन दिली’ असे सांगत मांजर घेऊन येणारी प्रेमळ माणसे दर काही महिन्यांनी दारात उभी राहतात. अशा वेळी त्यांना रागावण्याऐवजी गोळी किती आणि किती वाजता दिली, हे विचारून घ्यावे. उतारा देण्यासाठी तीच माहिती लागते. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे पर्मेथ्रिनयुक्त औषधही मांजराला घातक आहे.

धरणे आणि चावा

मानगूट धरून उचलण्याची जुनी सवय सोडावी. मोठा टॉवेल घेऊन मांजराला शेपटीकडून मानेपर्यंत, पंजे आत राहतील असे गुंडाळावे. आधी डोळे बारीक करून, हळू पापण्या मिटत बोलावे, हात खालून पुढे करावा आणि त्याने हुंगल्यावरच स्पर्श करावा. कान मागे चपटे झाले, शेपटी आपटू लागली किंवा बुबुळे मोठी झाली, की थांबावे. दोन माणसे लागतील असे वाटले, तर तिसरे बोलावून ठेवावे.

तरीही चावा बसलाच, तर संकोचाने लपवू नये. मांजराचे दात सुईसारखे असतात. वरची जखम टिंबाएवढी दिसते आणि आत जंतू खोल गेलेले असतात. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना किंवा तिखट लावू नये, पट्टी घट्ट बांधू नये. त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन रेबीजच्या लशीबद्दल निर्णय घ्यावा. मांजर ओळखीचे आणि शांत होते, हे कारण पुरेसे नाही. ते कोणते मांजर होते, याची नोंद कक्षात राहिली पाहिजे, म्हणजे त्याच्यावर लक्ष ठेवता येते.

नायटा झालेल्या मांजराला हातमोजे आणि लांब बाह्यांशिवाय हात लावू नये. त्याचे बीजाणू केसांसोबत उडतात आणि कित्येक महिने जिवंत राहतात. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तेव्हा हा आजार कक्षात ठाण मांडतो. तुमच्या स्वतःच्या हातावर गोल, खाजरा चट्टा दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, आणि आसरागृहातही सांगावे.

आईविना आलेली पिल्ले

उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत खोक्यांतून पिल्ले येतच राहतात. त्यांच्या बाबतीत एकच क्रम पाठ करावा : आधी ऊब, मग दूध. थंड पडलेल्या पिल्लाचे पोट चालत नाही, आणि त्या अवस्थेत पाजलेले दूध त्याला मारते. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली खोक्याच्या एका बाजूला ठेवावी, म्हणजे पिल्लाला फार उबले तर दूर सरकता येते. गाईचे दूध देऊ नये. पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची पावडर वापरावी. पाजताना पिल्लू पालथे असावे, माणसाच्या बाळासारखे उताणे कधीच नाही. पहिले तीन आठवडे पिल्लाला स्वतःहून शू-शी करता येत नाही. प्रत्येक वेळी पाजल्यावर कोमट ओल्या कापसाने आई चाटते तसे पुसावे लागते. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वजन वाढले पाहिजे. एक दिवस वाढ थांबली तर लिहावे, घट झाली तर तोंडी सांगावे. यांतील काही पिल्ले सारे नीट करूनही जातील, आणि त्या दिवशी कोणाकडून चूक झाली हे शोधत बसण्याआधी कागद वाचावा.

निघताना

जाण्यापूर्वी पुढच्या पाळीच्या माणसाला कागद नुसता देऊ नये. ज्या मांजरांनी खाल्ले नाही, ज्यांना शू झाली नाही आणि ज्यांचे वजन उतरले, त्यांचे पिंजरे बोट दाखवून सांगावेत. उरलेले ब्लीचचे पाणी ओतून टाकावे. ॲप्रन तिथेच धुवायला टाकावा, चपलांचे तळ ब्लीचच्या पाण्यात बुडवावेत. घरी पोहोचल्यावर कपडे बाहेरच्या बादलीत टाकावेत, गरम पाण्यात वेगळे धुवावेत, आंघोळ करावी, आणि दारात वाट पाहणाऱ्या आपल्या मांजराला त्यानंतरच उचलावे.